मुंगी न लागलेली बाटली

आमच्या गावच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरबाबूंना माणसाच्या तोंडाकडे पाहायची सवयच नव्हती. तुम्ही समोर जाऊन उभे राहिलात की ते हात पुढे करत आणि म्हणत, "बाटली." नमस्कार नाही, चमत्कार नाही, काय होतंय म्हणून विचारणं नाही. बाटली हातात आली की आधी ती उजेडात धरून पाहत, मग बूच काढून नाकाशी नेत, आणि मग तुमच्याशी जे काही बोलायचं ते त्या बाटलीकडे पाहतच बोलत.

"ही राकेलाची आहे. रोग्याले औषध द्यायचं आहे का त्याचा दिवा लावायचा आहे?"

त्या काळी दवाखान्यात औषध मिळे, बाटली मिळत नसे. ती आपली आपण घरून न्यायची. आमचं गाव अर्जुनी मोरगावपासून तीन कोसांवर. तिथे औषधाची म्हणून वेगळी बाटली कुणाच्या घरी असणार? लोक हाताला येईल ती आणत. खोबरेल तेलाची, राकेलाची, शाईची, आणि निम्म्याहून जास्त मोहाच्या दारूची. बुचाच्या जागी चिंधीचा बोळा. कंपाउंडरबाबू वास घेत आणि त्या घरातलं सगळं ओळखत. भजनात पुढे बसणाऱ्या एका म्हाताऱ्याची बाटली नाकाशी नेऊन त्यांनी भरल्या दवाखान्यात विचारलं होतं, "बुवा, एकादशीले पण घेता का?" म्हातारा पुढे महिनाभर कंबर धरून घरीच शेकत बसला, पण दवाखान्याची पायरी चढला नाही.

"माणूस लबाड बोलते," बाबू म्हणत, "बाटली नाही बोलत."

मी तिथल्या जनपद सभेच्या शाळेत मास्तर होतो. शाळा आणि दवाखाना एकाच आवारात, मध्ये एक चिंचेचं झाड. डॉक्टरसाहेब आठवड्यातून दोन दिवस अर्जुनीहून सायकलने येत, म्हणजे येणार असत. बाकीचे दिवस सगळा कारभार कंपाउंडरबाबूंचा. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटकुळे, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि कमरेला नाड्याने बांधलेली कात्री. बायको वारलेली. एकच मुलगी, ती दरेकशाला दिलेली, जावई रेल्वेत. बाबू दवाखान्याच्या मागच्या एका खोलीत राहत आणि त्या खोलीत कुणालाही घेत नसत. कोटाच्या खिशात गुळाचा खडा कायम. बोलता बोलता हात खिशात जाई, खडा तोंडात जाई, आणि मग गालफड फुगवून ते पुढचं बोलत. इतका गूळ खाणारा मोठा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. एरवी त्यांची भाषा आमच्या झाडीपट्टीची, पण तरुणपणी दहा वर्षं गोंदियात काढलेली असल्यामुळे राग आला की ते हिंदीत शिरत.

दवाखान्याची कौलं गळत. बाबूंजवळ एकच छत्री होती आणि ती त्यांनी औषधांच्या टेबलावर वाशाला उघडी टांगून ठेवली होती. पावसाळ्यात दवाखान्यात जावं तर छत्रीखाली बाटल्या, पुड्या, खल सगळं कोरडं ठणठणीत आणि शेजारी बाबू निथळताहेत. मी एकदा म्हटलं, अहो, तुम्हीही जरा आत सरका की. तर म्हणाले, "मी वाळतो मास्तर. सोडा भिजला तर वाळत नाही."

पण त्यांची खरी ओळख म्हणजे पट्टी. आजच्या लोकांना हे सांगावं लागतं. तेव्हा पातळ औषधाच्या बाटलीला एका बाजूने कागदाची उभी पट्टी चिकटवत. तिच्या कडेला कात्रीने खाचा पाडलेल्या. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत औषध उतरलं की एक खुराक झाला. अडाण्यालाही कळावी अशी सोपी गोष्ट. बाबूंची पट्टी गावात नावाजलेली होती, कारण खाचा डोळ्यांनी मापून पाडायचे तरी एकीत नि दुसरीत केसाचा फरक नसे. कागद माझ्या शाळेचा. परीक्षा झाली की तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मी त्यांना नेऊन देई. त्यामुळे गावात ज्याच्या त्याच्या बाटलीवर कुणाचं तरी पाच साते पस्तीस नाहीतर चुकलेला भागाकार चिकटलेला असे. बाटली देताना बाबू दरवेळी तेच वाक्य म्हणत: "आठ खाचा, आठ खेपा. खाचांच्या मधात बोट घालाल तर माझ्या नावानं बोंबलू नका."

मी त्या खाचांमध्ये नुसतं बोट नाही, अख्खा हात घातला. ती गोष्ट सत्तावन्न सालची.

त्या वर्षी फ्लूची साथ आली. कुणी म्हणे मद्रासकडून आली, कुणी म्हणे जहाजातून उतरली आणि रेल्वेत बसली. आमच्या गावाला रेल्वे नव्हती, तरी आलीच. शाळा उघडून पंधरा दिवस झाले नसतील, तोच वर्गात निम्मे पाट रिकामे. त्यात ऐन रोवण्याचे दिवस. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाढून पडलेले, बांध्यांमध्ये पाणी साचलेलं आणि धान रोवणाऱ्या बाया घरोघर कण्हत पडलेल्या. दवाखान्यापुढे शंभर शंभर माणसं बाटल्या घेऊन उभी. बाबूंनी चिंचेखाली चुन्याची फक्की टाकून रेघ ओढली. खोकणाऱ्याने रेघेच्या पलीकडे उभं राहायचं आणि तिथूनच ओरडून सांगायचं. तेही इकडून ओरडूनच विचारत. एका नव्या सुनेला त्यांनी वीस हातांवरून खणखणीत आवाजात विचारलं, "जुलाब किती झाले?" पोरगी पदर तोंडात कोंबून पळाली. मग तिची सासू आली आणि तिने तितक्याच खणखणीत आवाजात आकडा सांगितला. हसायचे दिवस नव्हते, पण आम्ही हसलो.

मग मलाही साथीने धरलं. चार दिवस तापाने फणफणलो, ताप उतरला आणि खोकला मागे राहिला. असा खोकला की बरगड्या निखळताहेत असं वाटे. बाबूंनी खोकल्याचं मिश्रण दिलं. तपकिरी, घट्ट, साखरेच्या पाकातलं. त्यात अफूचा अर्क असतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पहिल्या खुराकाला खोकला थांबला, दुसऱ्याला झोप लागली, आणि तिसऱ्या दिवशी मला कळलं की मी खुराकाच्या वेळेची वाट पाहतो आहे. खोटं कशाला बोलू? ते औषध घेतलं की साहेबाची तपासणी, गावाकडे आजारी पडलेली आई, वर्गात गळणारं पाणी, सगळं जागच्या जागी राहायचं आणि मला मात्र त्याचं काही वाटायचं नाही. मला फार छान वाटायचं.

आठ दिवसांत खोकला गेला. बाटली गेली नाही. सोडायचा प्रयत्न मी केला, नाही असं नाही. पण एक दिवस नाही घेतलं की नाक गळू लागे, अंगावर काटा येई, पिंढऱ्या ओढत, पोट बिघडे. सगळी फ्लूचीच लक्षणं. मी बायकोला म्हणे, "साथ उलटली वाटतं माझ्यावर." ती बिचारी काढा करी. मी चिंचेखाली जाऊन उभा राही आणि खोकून दाखवी. पोरांची खोटी पोटदुखी ओळखण्यात माझी उमर चाललेली, आणि आता मी स्वतः चुन्याच्या रेघेपलीकडे उभा राहून खोटं खोकत होतो. गर्दी इतकी की बाबू नुसता हात पुढे करत, बाटली घेत, भरत, पट्टी लावत. दोन दिवसांची बाटली मला एक दिवसही पुरेना. संपली की तिच्यात थोडं पाणी घालून खळखळवायचो आणि तेही पिऊन टाकायचो.

पितृपक्षात बायको पडली. तिला ताप कमी आला, पण खोकला छातीत बसला. तिचीही तसलीच बाटली आली. आता पुढचं सांगताना आजही मला लाज वाटते, पण न सांगितलं तर बाकीचं सांगून उपयोग नाही. मी तिचं औषध प्यालो. एक एक खाच पीत गेलो आणि बाटलीत गुळाचा कोरा चहा घालत गेलो, रंग जुळावा म्हणून. ती खोकून खोकून उठून बसे, मी तिच्या पाठीवरून हात फिरवी आणि चमच्याने तिला माझाच चहा पाजी. हे मी केलं. चार दिवस केलं.

पाचव्या दिवशी सकाळी कंपाउंडरबाबू आमच्या घरी आले. ते कुणाच्या घरी कधी जात नसत. दारातूनच म्हणाले, "मास्तरीणबाईंचा खोकला दवाखान्यात ऐकू येऊन राहिला. औषधानं थांबाले पाहिजे होता. बाटली."

मी बाटली दिली नाही. बायकोने उशाशी हात घालून दिली. त्यांनी उजेडात धरली, बूच काढलं, वास घेतला.

"हा तर चहा आहे."

मी जमिनीकडे पाहत होतो. बायको खोकत खोकत म्हणाली, "मीच म्हटलं बाबूजी ह्यांना, कडू लागते, थोडा चहा घाला म्हणून."

बाबूंनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. पाहिलं आणि पुन्हा बाटलीकडे वळले. म्हणाले, "मास्तर, शाळा सुटली की दवाखान्यात या. आणि येताना तुमची बाटली आणा. रिकामी."

गेलो. टेबलावर छत्रीखाली त्यांनी दहा-बारा बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. गावातल्या, पुन्हा भरायला आलेल्या. सगळ्यांच्या तळाशी पाकाचा चिकट थर आणि त्या थरात मुंग्या. एकीत तर काळी वळवळ. त्यांनी माझ्या हातातून माझी बाटली घेतली आणि ओळीच्या शेवटी ठेवली. आरशासारखी लख्ख.

"साऱ्या गावाच्या बाटलीले मुंगी लागते. तुमच्या बाटलीले काऊन नाही लागत?"

"मी धुऊन आणतो."

"धुता ना? मंग धुवनाचं पाणी कुठी टाकता?"

मी बाटली परत घ्यायला हात पुढे केला.

"टाकत नाही. पेता," ते म्हणाले. "आजाऱ्याले औषध नको असते, मास्तर. तो तोंड वाकडं करून घेते, बरं वाटलं की बाटली कोपऱ्यात टाकून देते. मंग मुंग्या येतात. ज्याच्या बाटलीत मुंगीले काही उरत नाही, त्याचा खोकला कधीच गेला असते."

मी म्हटलं, मला पुन्हा फ्लू झाला आहे, नाक गळतं, अंग मोडतं. त्यांनी थर्मामीटर काढून माझ्या तोंडात कोंबलं. दोन मिनिटं बाबू बोटांवर मोजत राहिले. मग ते काढून पाहिलं. ताप नव्हता. "इथी आल्यापासून तुम्ही सात जांभया दिल्या. मी मोजल्या. फ्लूवाला खोकते, जांभया नाही देत. हा फ्लू नाही. ही बाटली आहे. अफू असते तिच्यात."

मग मात्र मला राग आला. खरं पकडलं गेलं की माणसाला राग येतो, तसा. मी म्हटलं, "तुम्ही मला अफीमची समजता? मी शिक्षक आहे! गावात मान आहे मला!"

"तो क्या हुआ?" बाबू गरजले. "अफीम क्या पेशा पूछ के पकडती है? बीवी की दवा पी गये, और मान की बात करते हो!"

चिंचेखाली उभ्या माणसांनी वळून पाहिलं. बाबूंचा आवाज लगेच खाली आला. गुळाचा एक खडा त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला आणि एक माझ्यापुढे केला. मी तो अधाशासारखा घेतला. ते माझ्या हाताकडे पाहत राहिले.

"तुम्हाला एवढं कसं कळतं हे सगळं?" मी विचारलं.

"बाटल्या पाहून," ते म्हणाले. "आता घरी जा. मास्तरीणबाईंले सांगा. मी नाही सांगणार, तुम्ही सांगा. उद्यापासून तुमची बाटली इथीच राहते."

घरी गेलो. तिला सांगायला वाक्य जुळवत होतो, तर तीच म्हणाली, "चहा होता हे मले पहिल्याच चमच्याले कळलं. चहा मी रोज करते, मले नाही कळणार? तुम्ही कधी सांगता ते पाहून राहिली होती."

"मग बाबूंपुढे खोटं कशाला बोललीस?"

"ते बाहेरचे आहेत. घरच्या माणसानं आधी घरी सांगायचं असते." तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाली, "नवीन बाटली बाबूजींनी पाठवली आहे. ती माझ्या पदराले बांधून राहीन. तुम्ही आता चहाच प्या." मी रडलो. ती रडली नाही. तिला त्या दिवसांत खोकल्यातून रडायला फुरसत नव्हती. दहा दिवसांनी ती बरी झाली, ही माझ्या नशिबाची गोष्ट, माझ्या कर्तबगारीची नव्हे.

दुसऱ्या दिवसापासून माझं सुरू झालं. बाबूंची रीत साधी होती. बाटली तीच, औषध तेच, ती कायम त्यांच्या टेबलावर. सकाळी शाळेआधी मी जायचं, एक खाच त्यांच्यासमोर प्यायची. शाळा सुटल्यावर दुसरी. त्याच्या मध्ये काही नाही. पहिला आठवडा पट्टीला आठ खाचा. दुसऱ्या आठवड्यात त्याच लांबीच्या पट्टीला दहा, मग बारा. खाचा वाढत जाणार, खुराक बारीक होत जाणार. "एकदम तोडाल तर मधातच मोडाल," ते म्हणाले. "हळूहळू बारीक करत नेऊ. दर सोमवारी नवीन पट्टी."

सोमवारी ते माझ्या देखत पट्टी कापत. एक गोष्ट मला तेव्हाच दिसली होती. इतरांची पट्टी ते एकेरी कागदाची कापत, माझी कापताना मात्र दोन पट्ट्या एकावर एक ठेवत. दोन्हींना एकदमच खाचा पडत. एक माझ्या बाटलीला लागे, दुसरी त्यांच्या कोटाच्या खिशात जाई. मी विचारलं, "दुहेरी कशाला?" तर म्हणाले, "पट्टी बारीक होऊन राहिली ना. एकेरी कागदाले कात्री नीट नाही लागत." मला पटलं. मला त्या दिवसांत स्वतःच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं.

ते दिवस वाईट होते. फळ्यावर लिहिताना हात थरथरे. पोरं दंगा करत आणि मी खुर्चीवर घामाने भिजून बसलेला. दहाच्या आठवड्यात वाटलं, जमेल. बाराच्या आठवड्यात मी दवाखान्यात जाऊन टेबलावर मूठ आपटली. म्हटलं, आज दोन खाचा द्या, नाहीतर अर्जुनीला चालत जाऊन आणीन. बाबू मान हलवत राहिले. मग मी जे बोलू नये ते बोललो. "तुम्हाला काय कळतं याचं? लोकांच्या बाटल्या हुंगायच्या आणि गूळ खायचा, एवढंच तर येतं तुम्हाला!"

मला वाटलं, आता हिंदी सुरू होणार. पण ते हळूच म्हणाले, "नाही कळत बापा. मले काय कळते." आणि माझी एक खाच मोजून पेल्यात ओतली. पेला पुढे करताना त्यांचा हातही हलत होता. मी म्हटलं, म्हातारा झाला.

त्या दोन महिन्यांत तेही फार चिडखोर झाले होते. रोगी रडत बाहेर येत. खिशातला गूळ दुप्पट झाला. बोलता बोलता जांभई देत आणि कुणी पाहिलं की पाठ वळवत. साथ ओसरत आली होती, तरी मी म्हणे, बिचाऱ्यांना साथीचा शीण आला.

दिवाळी झाली. झाडीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्री दंडारीचं नाटक असते, पाहुणेरावळे येतात. आमच्या मंडईच्या आठवड्यात मी सोळा खाचांवर होतो. मंडईनंतरच्या सोमवारी अठरा होणार म्हणून मन घट्ट करून गेलो. बाबू खाली मान घालून बसले होते. डोळे लाल, दाढी वाढलेली. म्हणाले, "या आठवड्यात पण सोळाच."

"का?"

"कागद संपला."

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा त्यांच्या कोपराशी पडला होता. मीच आणून दिलेला. मी त्या गठ्ठ्याकडे पाहिलं, त्यांनीही पाहिलं. मला आयता एक आठवडा सवलतीचा मिळत होता. मनात म्हटलं, मंडईचे दिवस म्हणून दया आली म्हाताऱ्याला. मी खूश होऊन घरी गेलो.

पुढच्या सोमवारी अठरा झाल्या. मग वीस, बावीस. चोवीस खाचांच्या पट्टीला खाचा इतक्या जवळ आल्या की ती फणीसारखी दिसे आणि खुराक म्हणजे जीभ ओली व्हावी इतकाच. तोवर शेतांत धानाची कापणी सुरू झाली होती. मी रात्री झोपत होतो. भूक लागत होती. वर्गात पोरांवर ओरडत होतो, ते पोरांना आवडलं नसेल, बायकोला फार आवडलं.

एका सोमवारी गेलो तर टेबलावर माझी बाटली रिकामी, धुतलेली. बाबूंनी दोन पट्ट्या एकावर एक ठेवल्या, कात्री उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. एकाही खाचेशिवायची ती कोरी पट्टी माझ्या बाटलीला चिकटवली आणि बाटली माझ्या हातात दिली. दुसरी खिशात घातली. "न्या घरी. तेल ठेवा, काही ठेवा. आता इथी घेऊन येऊ नका." मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर मागे सरकले. "मास्तर, चष्मा पडेल तुमचा." बस, एवढंच.

त्यानंतर महिनाभराने त्यांची नोकरी संपली. दरेकशाला मुलीकडे राहायला निघाले. एक ट्रंक, एक वळकटी आणि ती छत्री. नवीन कंपाउंडर यायचा होता, म्हणून खोलीची किल्ली माझ्याकडे दिली. "झाडून घ्या. बाकी काही नाही तिथी." अर्जुनीपर्यंत मी बैलबंडीत सोबत गेलो. छोट्या लाईनीच्या गाडीत बसल्यावर ते खिडकीतून बाहेर पाहत होते, माझ्याकडे नाही, प्लॅटफॉर्मवर पडलेल्या एका रिकाम्या बाटलीकडे. गाडी हलली. त्या दिवशी त्यांनी एकदाही खिशात हात घातला नाही, हे मला परतताना बंडीत आठवलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि बायको खोली झाडायला गेलो. ज्या खोलीत त्यांनी कधी कुणाला येऊ दिलं नव्हतं, ती रिकामीच होती. भिंतीतल्या फळीवर फक्त एक बाटली. मी जवळ गेलो. औषधाची बाटली, तपकिरी मिश्रणाची, अर्ध्याच्या खाली. तिला पट्टी चिकटवलेली. चोवीस खाचांची. कागदावर माझ्याच वर्गातल्या कुणाचातरी गुणाकार, माझ्याच लाल शाईची बरोबरची खूण. नखाने जरा उकललं तर खाली बावीसची पट्टी, तिच्याखाली वीसची. अशी एकावर एक. सोळाच्या दोन होत्या, दुसरी 'कागद संपला' त्या आठवड्याची.

मी तिथेच खाली बसलो. बायको म्हणाली, "काय झालं?" मी पट्ट्यांकडे बोट केलं. बाबूंना मी म्हटलं होतं, तुम्हाला काय कळतं याचं.

तिनेच बाटली हातात घेतली. बूच सैल होतं. बाटलीच्या काठावरून मुंग्यांची एक रांग आत उतरली होती, दुसरी बाहेर येत होती. तपकिरी औषधावर मुंग्यांचा काळा थर. ती म्हणाली, "बाई गं, किती मुंग्या लागल्या ह्याले!" आणि मग तीही माझ्याजवळ खाली बसली. मुंगीची गोष्ट मी तिला सांगितलेली होती.

फळीवर, जिथे बाटली होती तिथे, धुळीत ती दुसरी कोरी पट्टी पडली होती. न चिकटवलेली.

मी त्याच दिवशी दरेकशाला कार्ड टाकलं. फार काही लिहिता आलं नाही. लिहिलं: "खोलीत आपली बाटली राहिली आहे. तिला मुंग्या लागल्या आहेत. बाजूला कोरी पट्टी मिळाली. काय करू?"

आठ-दहा दिवसांनी उत्तर आलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. तीन ओळी होत्या:

"बाटली धुवा.
पट्टी चिकटवा.
वाकडी लावू नका."

बायकोने बाटली धुतली, मी डिंक पातळ केला. खूप जपून लावली, तरी पट्टी थोडी वाकडीच लागली.